सुभेदार मेजरच्या वरची पायरी

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. सोलापुरातून गाड्या निघतात, निळे झेंडे लागतात, वाटभर घोषणा चालतात. स्तंभापुढं उभं राहून आपण नावं वाचतो. शेवटी 'नाक' लागलेली २२ नावं. वाचताना छाती भरून येते. येऊ दे, त्यात वाईट काही नाही. पण दोस्तहो, एक प्रश्न तिथं कुणी विचारत नाही. ह्या माणसांबरोबर लढून जे जगले, ते पुढं फौजेत कुठवर चढले? मेलेल्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. जगलेल्यांच्या नोकरीचं काय झालं ते आपण लिहिलेलं नाही, आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांना लिहायचंच नव्हतं.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. शाळा दहावीला सुटली, पुढचं सगळं पाळी संपल्यावर वाचनालयात बसून वाचलेलं. पण गिरणीचा माणूस पहिल्या दिवसापासून एक गोष्ट बघायला शिकतो. कोण कुठल्या खात्यात, कोणाच्या वर कोण, आणि कोण कितीही राबला तरी कुठल्या पायरीच्या वर जात नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी साचाखातं आपल्या माणसाला बंद होतं. धोट्यात कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा वरच्या जातीच्या विणकराला कसा चालणार? मग आपला माणूस कताईत, आणि जास्त पगाराचं साचाखातं त्यांच्याकडं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. हे वाचल्यापासून मी कुठल्याही नोकरीचा इतिहास असाच वाचतो. फौजेचाही.

फौजेची सुरुवात आमच्या सोलापूरपासूनच करू. कोरेगावनंतर चार महिन्यांनी, १० मे १८१८ ला, पेशव्याच्या उरल्यासुरल्या फौजेचा सोलापुरात पाडाव झाला. चार-पाच दिवसांत भुईकोट किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. किल्ला घेणारा होता ब्रिगेडियर जनरल थॉमस मन्रो. हा मन्रो १७८० मध्ये मद्रासला उतरला तेव्हा १८ वर्षांचा साधा कॅडेट होता. सोलापूर घेतलं तेव्हा जनरल, आणि १८२० मध्ये मद्रासचा गव्हर्नर. म्हणजे पोरगा म्हणून आला आणि राज्यकर्ता होऊन मेला. पुढं सोलापुरात छावणी पडली, ती उठलीही, पण आजही शहराच्या एका भागाला लष्कर म्हणतात.

मन्रोच्या वयाचा, त्याच युद्धात लढणारा मुंबई फौजेतला आपला शिपाई घ्या. त्याच्यापुढचा जिना असा: शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि शेवटी सुभेदार मेजर. एका पलटणीत सुभेदार मेजर एकच. त्याच्या वर भिंत. भिंतीपलीकडं दुसरा जिना, तो विलायतेतून येणाऱ्या गोऱ्यांचा. तीस वर्षं नोकरी केलेला, मिशा पांढऱ्या झालेला सुभेदार मेजर कालच बोटीतून उतरलेल्या, धड मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या पोराला सलाम ठोकायचा. ही भिंत सगळ्याच देशी माणसांना होती, ब्राह्मणाला आणि मराठ्यालाही. हे खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे.

पण भिंतीच्या अलीकडं मुंबईच्या फौजेत एक गोष्ट वेगळी होती. बंगालच्या फौजेत उच्च जातींचा भरणा आणि त्यांच्या सोवळ्याचे लाड. मुंबईच्या फौजेत पलटणी मिसळीच्या. इंग्रज ज्याला परवारी म्हणायचे तो महार आणि वरच्या जातीचा शिपाई एका रांगेत उभे. आपला माणूस जमादार झाला, सुभेदार झाला, की खालच्या रांगेतल्या वरच्या जातीला त्याचा हुकूम ऐकावा लागे. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याला पलटणीत सलाम. गावकुसाबाहेरच्या माणसाला हजारो वर्षांत असा जिना कुठंच मिळाला नव्हता. उंचीला तो अर्धाच होता, तरी जिना होता.

ह्या जिन्यावर आपली किती घरं चढली त्याचा पुरावा बाबासाहेबांचं घरच आहे. आजोबा मालोजी सकपाळ फौजेत. आईच्या माहेरचे मुरबाडकर, तेही फौजेतले सुभेदार. वडील रामजी शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार झाले. आपण त्यांना सुभेदार रामजी म्हणतो आणि पुढं जातो. पण त्यांच्या नोकरीचा मोठा भाग बंदुकीचा नव्हता. लष्करी शाळेत ते १४ वर्षं हेडमास्तर होते. कंपनीच्या काळापासून फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना सक्तीचं शिक्षण होतं, मुलींनाही. ह्या शिक्षणानं आपल्या समाजात पहिल्यांदा लिहितावाचता वर्ग तयार झाला हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. इतिहासाची पुस्तकं फौजेचा हिशेब तोफांत आणि मुडद्यांत मांडतात. आपला हिशेब दोन गोष्टींचा होता, शाळा आणि पेन्शन. त्याच पेन्शनवर रामजींनी मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत पोराला पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं.

आता तो जिना कसा काढून घेतला ते बघा. १८५७ चं बंड बहुतांशी बंगालच्या फौजेनं केलं. त्यानंतर इंग्रजांनी भरतीचा नकाशाच बदलला. १८८५ ते १८९३ लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याच्या डोक्यात लढाऊ जातींचं खूळ. पंजाबी, पठाण, गुरखा हे जन्मानं लढवय्ये, बाकीचे नाहीत. म्हणजे मनूची अक्कल गोऱ्या टोपीत शिरली. पलटणी जातवार बांधायच्या ठरल्या, आणि जातवार बांधायच्या म्हटल्यावर महाराच्या सुभेदाराखाली दुसऱ्या जातीनं उभं राहण्याचा प्रश्नच मिटला. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत एक पोरगा जन्मतो, आणि तो चालायला लागतो न लागतो तोच त्याच्या बापाच्या जातीला छावणीचं फाटक बंद होतं. कोरेगावला ज्यांनी यांचं राज्य बसवायला रक्त सांडलं, त्यांना शंभर वर्षं व्हायच्या आत सांगितलं गेलं की तुमच्यात लढाऊपणा नाही.

आपली माणसं गप्प बसली नाहीत. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर, फौजेचे पेन्शनर. त्यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला. पुढं शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ ला अर्ज दिला, १९१० ला पुन्हा, तो थेट भारतमंत्र्याकडं. ह्या अर्जांची भाषा आज आपल्याला टोचते. राजनिष्ठा, मायबाप सरकार, नम्र विनंती. आपल्यातले काही तरुण ह्यावरून नाक मुरडतात. मला विचाराल तर अर्जाची भाषा अर्जदाराची नसते, ज्याच्या टेबलावर तो पडणार त्याची असते. आत काय मागितलंय ते बघा. शिपायाची नोकरी, पोलिसातली खालची जागा, आणि माणूस म्हणून वागणूक. हेच शिवराम जानबा १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांना कोरेगावच्या स्तंभापाशी घेऊन गेले. आज आपण जी वारी करतो तिची सुरुवात फौजेचं फाटक उघडा म्हणणाऱ्या माणसांनी केलीय.

फाटक पहिल्या महायुद्धात किलकिलं झालं. माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ मध्ये पलटण मोडली. बदली कामगाराला हे समजावून सांगायला नको. भोंगा वाजला की या, माल उठला नाही की घरी बसा.

पण त्याच वर्षांत भिंतीपलीकडच्या जिन्यावर दुसरंच घडत होतं. १९१७ नंतर हिंदी तरुणांना पहिल्यांदा राजाचं कमिशन, म्हणजे खरं अधिकारीपद, मिळायला लागलं. विलायतेतल्या सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा. आणि इंदूरच्या डेली कॉलेजात कॅडेटांचा एक वर्ग काढला. त्यातून १९१९ मध्ये बाहेर पडलेला एक कॅडेट म्हणजे करिअप्पा. तेच १५ जानेवारी १९४९ ला पहिले हिंदी सरसेनापती झाले. इंदूर ते महू अंतर किती? वीस-पंचवीस किलोमीटर. लष्करी शाळेत १४ वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस सुभेदार म्हणून निवृत्त झाला, आणि पंचवीस वर्षांनी शेजारच्या शहरातून सरसेनापती होणारा पोरगा तयार होत होता. मधे काय बदललं? इंग्रज थोडे बदलले. पण डेली कॉलेजात बसायला संस्थानिकाचं, जमीनदाराचं, अंमलदाराचं घर लागत होतं, इंग्रजी लागत होती. पलटण गाजवलेल्या सुभेदाराच्या पोराला तिथं कोण विचारत होतं?

एका सुभेदाराच्या पोराला मात्र दुसऱ्या बाजूनं दार उघडलं. भीमराव १९१२ ला बी.ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून नेमले गेले. बापाला हयातभर जे मिळालं नाही ते पदवीच्या कागदावर पोराला मिळालं. संस्थानची फौज म्हणजे इंग्रजांची फौज नव्हे, पण लेफ्टनंट म्हणजे लेफ्टनंट. बाप त्याच फेब्रुवारीत गेला. १९१७ ला अमेरिका-लंडन करून ते परत बडोद्याला आले, महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शिपाई फाइली लांबून टाकायचे. पारशाच्या वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. अख्ख्या शहरात राहायला खोली मिळेना. हुद्दा कमावला तरी रात्री पाठ टेकायला जागा नाही. त्या दिवशी कमाठी बागेतल्या झाडाखाली बसून जो माणूस रडला, तो नुसता विद्वान नव्हता, फौजेचा अधिकारी झालेला सुभेदाराचा मुलगा होता. हे आपण विसरतो.

म्हणून पुढं बाबासाहेब फौजेचा विषय सोडत नाहीत. गोलमेज परिषदेत संरक्षणाच्या उपसमितीत ते बोलले की भरती सगळ्यांना खुली पाहिजे. १९४० च्या पाकिस्तानवरच्या पुस्तकात त्यांनी फौजेतल्या जातीधर्मांचे तक्तेच मांडले, पंजाबचा वाटा कसा फुगत गेला ते. जुलै १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. टोपीवरच्या बिल्ल्यावर मशीनगन आणि कोरेगावचा स्तंभ. हा स्तंभ पुढं काढून तिथं खंजीर आला, पण नाव राहिलं. भारतीय फौजेच्या यादीत महार हे नाव आज आहे ते १९४१ च्या त्या खटपटीमुळं.

आता ज्या माणसासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडं येतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, बाहेर चले जावची धामधूम चालू असताना, आंध्रातला एक १९ वर्षांचा तरुण महार रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाला. नाव के. व्ही. कृष्णराव. जातीनं महार नव्हे, मराठीही नव्हे. युद्धामुळं अधिकारी हवे होते, कमिशनचं दार रुंद झालं होतं, इंग्रजी शिकलेला तरुण निवडला गेला आणि नेमणूक महार रेजिमेंटला झाली. अधिकाऱ्याची जात आणि रेजिमेंटचं नाव यांचा संबंध नसतो. तेव्हाही नव्हता, आजही नाही.

त्यांची चढण नीट बघा, कारण जनरल कसा होतो हे आपल्याकडं कुणी सांगत नाही. महायुद्धात ब्रह्मदेश आणि वायव्य सरहद्द. पुढं खडकवासल्याच्या प्रबोधिनीची सुरुवातीची घडण चालू असताना तिथं शिकवणारे. म्हणजे हाही मास्तरकीतून गेला, फक्त ह्याची मास्तरकी वरच्या जिन्यावरची. मग जम्मू-काश्मीरमध्ये तिसऱ्या महार बटालियनचं नेतृत्व. १९६५-६६ ला लडाखमध्ये ब्रिगेड. त्यानंतर जम्मूत डिव्हिजन. १९७० पासून नागालँड-मणिपूर भागात ८ माउंटन डिव्हिजन, आणि १९७१ च्या युद्धात ह्याच डिव्हिजननं सिल्हेट घेतलं. पुढं जम्मू-काश्मीरमध्ये कोअर. मधेच १९७५ मध्ये फौजेची फेरबांधणी कशी करायची ह्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच. मग उपप्रमुख, पश्चिम कमांडचे प्रमुख, आणि १ जून १९८१ ला लष्करप्रमुख. निवृत्तीनंतर ईशान्येकडं आणि जम्मू-काश्मीरमध्ये राज्यपाल. मन्रोचाच जिना, फक्त चढणारा हिंदी.

ह्यात बहादुरी आहेच, ती मी नाकारत नाही. पण मोजून बघा, ह्या ३९ वर्षांत किती वेळा माणूस खंदकात होता आणि किती वेळा वर्गात, कार्यालयात, समितीत, नकाशापुढं. लेफ्टनंटपासून जनरलपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर परीक्षा, अभ्यासक्रम, वरिष्ठाचा अहवाल, निवड मंडळ. लिहिणं आणि बोलणं. सुभेदाराच्या जिन्यावर हयात घालवली तरी ह्या पायऱ्या लागत नाहीत, कारण त्या वेगळ्या इमारतीत आहेत.

१९७५ च्या त्या समितीत कृष्णरावांबरोबर आणखी एक अधिकारी होता, के. सुंदरजी. तमिळ. १९४६ ला महार रेजिमेंटमध्येच कमिशन. पायदळाचा असून रणगाड्यांची डिव्हिजन सांभाळलेला. १९८६ ते १९८८ लष्करप्रमुख. १९८७ मध्ये श्रीलंकेत महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आलं, परमवीर चक्र मिळालं, तेव्हा प्रमुख हेच. कृष्णराव आणि सुंदरजी यांच्या मधे १९८३ ते १९८६ लष्करप्रमुख होते अरुणकुमार वैद्य. मराठी माणूस, अलिबागचा जन्म, रणगाडा दळाचे, दोन वेळा महावीर चक्र. १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचा खून झाला. म्हणजे १९८१ ते १९८८ ह्या सात वर्षांत देशाच्या फौजेवर एक महार रेजिमेंटचा माणूस, मग एक महाराष्ट्राचा माणूस, मग पुन्हा महार रेजिमेंटचा माणूस. महाराष्ट्रातला महार मात्र तिघांत नाही. आपण सभेत अभिमानानं सांगतो की महार रेजिमेंटनं देशाला दोन लष्करप्रमुख दिले. वाक्य खरं आहे. पण ऐकणाऱ्या पोराला वाटतं आपल्यातले दोघं झाले, आणि आपण ते दुरुस्त करत नाही. ही लबाडी मला चालत नाही.

१९४२ मध्ये १९ वर्षांचा, इंग्रजीत मुलाखत देणारा आपला पोरगा सोलापूर जिल्ह्यात किती घरांत सापडला असता? ह्याचं उत्तर बाबासाहेबांनी सतरा वर्षं आधीच ओळखलं होतं. बहिष्कृत हितकारिणी सभेनं जानेवारी १९२५ मध्ये वसतिगृह काढलं ते आमच्या सोलापुरात. फौजेचं फाटक तेव्हा बंदच होतं, पण वरच्या जिन्याची पहिली पायरी तिथं बांधायला घेतली होती. त्या वसतिगृहाच्या इतिहासावर आपल्या शहरात एक तरी स्मरणिका निघायला हवी होती.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, जनरल होऊन काय उजेड पडणार? फौज म्हणजे सत्तेची लाठी. सोलापूरनं १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ बघितलाय, चौघांना जानेवारी १९३१ मध्ये फासावर चढवलेलं बघितलंय. सुंदरजींच्याच कमांडखाली १९८४ ला सुवर्णमंदिरात फौज घुसली. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण हुकूम कोण लिहितो आणि कोण पाळतो ह्याची वाटणी जातीवर होत राहिली, तर लाठी कमी होत नाही. फक्त ती आपल्याच हातात देऊन दुसरा कुणी हुकूम सोडतो. बाबासाहेबांना हा वाद माहीत नव्हता असं समजू नका. माहीत असूनच ते १९४१ ला त्या मंडळावर बसले.

आणि आता तर खालचा जिनाही आखूड झालाय. जून २०२२ पासून शिपायाची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं, मग त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी. त्यांना पेन्शन नाही. ज्या पेन्शनवर रामजींनी पोराला शिकवलं ती त्या पंचाहत्तर टक्क्यांना नाही. तरी आमच्या वस्तीतली पोरं पहाटे चारला उठून मैदानावर पळतात. बूट फाटके, खाणं अर्धवट, डोळ्यांत भरती. त्यांना हसणाऱ्याच्या तोंडावर मारावंसं वाटतं. पण कुणीतरी त्यांना दुसरं दारही दाखवलं पाहिजे. आपल्या विहाराच्या फळ्यावर पोलीस भरतीची जाहिरात लागते, अग्निवीरची लागते. एनडीएची लागलेली मी बघितली नाही.

म्हणून माहिती देतो, तिची पत्रकं काढा. बारावीची मुलं, आणि २०२१ पासून मुलीही, साडेसोळा ते साडेएकोणीस वयात एनडीएची परीक्षा देऊ शकतात. वर्षातून दोनदा असते, केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. फौजेसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण परीक्षेत गणित असतंच. मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्यातून बाहेर पडली. पदवीधरांसाठी सीडीएस आहे. शिपाई म्हणून लागलेल्यालाही वाट आहे. दोन वर्षांच्या नोकरीनंतर बारावी झालेला जवान डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजची परीक्षा देऊ शकतो. रामजींच्या काळात जिथं भिंत होती तिथं पडलेलं हे एक छोटं दार आहे, आणि आपल्या कित्येक जवानांना ते ठाऊकच नसतं. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, फक्त एनडीएच्या तयारीसाठी. मुलींसाठी तशीच नाशिकला निघालीय. आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये निघाली ती साताऱ्यात. ज्या साताऱ्यात सुभेदाराच्या पोराला शाळेत घरून गोणपाट नेऊन वेगळं बसावं लागलं, त्याच साताऱ्यात. सैनिक शाळांत अनुसूचित जातीला पंधरा टक्के जागा राखीव आहेत, प्रवेश सहावीला आणि नववीला. म्हणजे पोरगं पाचवीत असतानाच घरात बोललं पाहिजे.

एनडीएच्या लेखी परीक्षेला ९०० गुण. गणिताला ३००, सामान्य क्षमतेला ६००, त्यात इंग्रजी. मग पाच दिवसांची मुलाखत, तिलाही ९००. तिथं चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, गटात बोलायला लावतात, दोऱ्या-फळ्या देऊन नाला ओलांडायला लावतात. १६०० मीटरची शर्यत, जिच्यासाठी आमची पोरं पहाटे चारला उठतात, ती ह्या १८०० गुणांत कुठं नाही.